पिवळ्याला हात लावायचा नाही

शनिवारी दुपारी चारच्या ठोक्याला नाट्यसंग्रहालयाच्या पिंतोसबाई दारात उभ्या राहिल्या, आणि नेलिदाने त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"या, या. पण कोट बाहेर राहील."

बाईंच्या अंगावर पिवळाधमक रेनकोट होता. जुलैची, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातली भुरभुर सकाळपासून चालू होती, किनाऱ्यावरचं वारं गल्लीत घुसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नाकं लाल करत होतं, आणि पासष्ट वर्षांची नेलिदा दोन्ही हात चौकटीला लावून पहाऱ्यावर असल्यासारखी उभी होती. तिच्या भावाला, एबेरला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाई येणार म्हणून त्याने सकाळी दोनदा फरशी पुसली होती.

"आत्या, अगं त्या भिजतायत," त्याची मुलगी हिमेना मागून म्हणाली.

"वाळतील. पिवळं एकदा घरात शिरलं की निघता निघत नाही."

बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. त्या हसल्या. दुसरं कुणीच हसेना, तेव्हा त्यांनी निमूटपणे कोट उतरवला आणि बाहेरच्या नळाला अडकवला. नाटकवाल्यांना पिवळा रंग चालत नाही हे त्यांनी पुस्तकांत वाचलं होतं. पण हे लोक घरात लिंबंसुद्धा फडक्याखाली झाकून ठेवतात हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांचे वडील खाटीक होते.

पुस्तकांच्या खोलीत दिवा लावावा लागला नाही. छताच्या काचेतून राखाडी उजेड खाली येत होता आणि काचेवर पाऊस टपटपत होता. बाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि मगच टेबलावरची पहिली वस्तू उचलली. एबेरला त्या तिथेच आवडून गेल्या.

"हे रेशीम आहे?"

"खास प्रयोगाची हस्तपत्रिका. पुढच्या रांगेला रेशमावर छापलेली द्यायचे, मागच्यांना कागदावर. आमच्या आजोबांनी ही एका बाईच्या खुर्चीखालून उचलली."

"चोरली म्हण की," रोसेंदो म्हणाला. हा धाकटा भाऊ. काखेत गरम पाण्याची बाटली, हातात माते नावाच्या कडू चहाचा पेला, आणि जो शेवटी बोलला त्याच्या मताचा.

"उचलली," एबेर म्हणाला.

मग सर्कशीच्या तंबूत व्हायच्या त्या नाटकांच्या जाहिराती निघाल्या. स्पेनहून बोटीने आलेला, तीनशे वर्षांपूर्वी छापलेला नाटकांचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या कातडी पुठ्ठ्यावर घरातल्याच कुणीतरी पेला टेकवून गोल डाग पाडला होता, आणि तो कुणी पाडला यावर या घरात दोन पिढ्या भांडल्या होत्या. बाईंनी ग्रंथ उघडला, वास घेतला, आदराने मिटला. पण भिंतीपाशी गेल्यावर त्यांनी पुन्हा एकदा हात पुसले. तिथे खालपासून वरपर्यंत प्रॉम्प्टरच्या वह्या होत्या, आजोबांच्या आणि वडिलांच्या मिळून दोनशे अकरा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळ्यांत कापलेल्या चौकोनात, प्रेक्षकांना दिसणार नाही असं बसून, त्या दोघांनी साठ वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले होते.

"ग्रंथ जगात आणखी कुठे तरी असेल," बाई हळूच म्हणाल्या. "ह्या वह्या नसतील. ही गोल खूण कसली?"

एबेरचा चेहरा उजळला. "ती पप्पांची. नट थांबला की तो विसरला म्हणून थांबलाय की मुद्दाम, हे प्रॉम्प्टरला कळायला हवं. मुद्दाम थांबत असेल तिथे पप्पा पेन्सिलीने गोल काढायचे. म्हणजे शब्द द्यायचा नाही. पप्पा म्हणायचे, बोलायचे पैसे सगळ्यांनाच मिळतात, मला गप्प बसायचेही मिळतात."

बाईंनी पर्समधून कागद काढले. त्यांनी सरळच सांगितलं. संग्रहालय सगळं घेईल, एकाच खोलीत, एकाच नावाने, कधीही न फोडता. पण तिन्ही भावंडांच्या सह्या हव्यात, आणि आजच. घर एका दंतवैद्याने घेतलं होतं आणि बुधवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. सोमवारी ब्युनोस आयरेसचा व्यापारी येणार होता. त्याला रोसेंदोने शब्द देऊन ठेवला होता, कारण तो व्यापारी रोसेंदोशी सगळ्यात शेवटी बोलला होता. तो आला की रेशीम एकीकडे, ग्रंथ दुसरीकडे आणि वह्या कुठे जातील ते त्यालाच ठाऊक.

एबेरने सही केली. बहिणीकडे बघत रोसेंदोनेही केली. नेलिदाने पेन हातात घेतलं नाही.

"सही करीन. आधी यादीच्या शेवटी एक ओळ घाला."

"कुठली?" बाईंनी विचारलं.

"लिहा. ‘धक्क्यावरच्या बायका’, तीन अंकी नाटक. एकमेव पूर्ण प्रत. एबेर लार्राउरी याने जाळली."

एकोणचाळीस वर्षं हे वाक्य या घरात नाताळच्या जेवणात, बारशात, आईच्या मयतीत, प्रत्येक ठिकाणी कुणी तरी गिळलं होतं. आज नेलिदाने ते टेबलावर ठेवलं.

"लिहा," एबेर म्हणाला.

"बाबा!"

"लिहू दे, हिमेना. खरंच आहे ते."

"घ्या!" नेलिदा बाईंकडे वळली. "असा आहे हा. जाळलंस का विचारलं की हो म्हणतो. का जाळलंस विचारलं की भिंतीकडे बघतो. बाई, तुम्हाला कळावं म्हणून सांगते. पंचाहत्तर साल होतं, लष्कराची राजवट, दिवस वाईट होते. पूर्ण नाटक कुणाकडे सापडू नये म्हणून प्रत्येकाला फक्त आपापली नक्कल दिली होती. स्वतःची वाक्यं आणि समोरच्याचे शेवटचे तीन शब्द, बस. लेखकाची प्रत त्याच्यासकट गेली. अख्खं नाटक राहिलं ते पप्पांच्या वहीत. मी हासिंताचं काम करणार होते. पहिलं मोठं काम माझं. एकत्र तालीम झालीच नाही, घरी नुसती माझी वाक्यं पप्पांना म्हणून दाखवायचे." तिने पर्स उघडून घड्या पडलेले कागद काढले. "ही नक्कल. तोंडपाठ आहे अजून. सगळी उत्तरं आहेत माझ्याकडे, बाई. प्रश्न कुणी काय विचारले तेच माहीत नाही."

एबेरला वाटलं, आपण त्या दिवशी वहीबरोबर भट्टीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

"मी सांगते का जाळलं," हिमेना म्हणाली.

"तू गप्प बस."

"नाही बसणार. आईने मरायच्या आधी मला सांगितलंय. आजोबांनी सांगितलं म्हणून जाळलं, आत्या! तुझ्या पप्पांनी!"

नेलिदा गर्रकन तिच्याकडे वळली. "काय म्हणालीस?"

"खरं बोलतेय ती," रोसेंदो म्हणाला, कारण हिमेना शेवटी बोलली होती.

"तुला काय माहीत रे? तेरा वर्षांचा होतास, हात मोडून घेऊन गळ्यात अडकवून फिरत होतास!" मग ती एबेरसमोर येऊन उभी राहिली. "बोल. आज तरी बोल."

एबेर बोलला. पत्ते खेळताना या माणसाला आयुष्यात कधी थाप मारता आली नव्हती. हातात चांगलं पान आलं की कान लाल व्हायचे, वाईट आलं की नाक. त्यामुळे तो खरं बोलतोय की खोटं हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. थिएटरवर दोन माणसं चौकशी करून गेली, त्याच दुपारी पप्पांनी त्याला मागच्या अंगणात नेलं. मांस भाजायच्या भट्टीत त्यांनी आधीच लाकडं पेटवून ठेवली होती. सुतळीने बांधलेलं पुडकं हातात दिलं आणि म्हणाले, उघडू नकोस, जाळ. आणि नेलिदाला सांगू नकोस. वेळ आली की मी सांगेन.

"चार दिवसांनी मला उचलून नेलं. वही कुठाय विचारत होते. म्हटलं, जाळली. शेजारच्यांनी धूर पाहिला होता, त्यांनीही तेच सांगितलं. तीन रात्रींनी सोडलं."

"आणि पप्पा?"

"पप्पा सांगणार होते. मग त्यांची वाचा गेली."

"पप्पांनी?" नेलिदा म्हणाली. "बसचं जुनं तिकीटसुद्धा न फेकणाऱ्या माणसाने अख्खं नाटक जाळायला दिलं? मेलेल्या माणसावर ढकलतोस? लाज नाही वाटत?"

"म्हणूनच सांगत नव्हतो."

"मला नाही पटत. नाही पटणार." तिने नक्कल पर्समध्ये कोंबली. "रोसेंदो, कळव तुझ्या त्या सोमवारच्या माणसाला. जाऊ दे सगळं कुठे जायचं तिकडे."

रोसेंदोने खरोखरच फोन बाहेर काढला. एबेर खुर्चीत बसला आणि त्या दोनशे अकरा वह्यांच्या पाठी बघत राहिला. बहीण तर गेलीच होती. आता वडीलही जाणार, आजोबाही जाणार, आणि हे सगळं आपण तोंड उघडल्यामुळे, असं त्याच्या मनात येत होतं.

दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात सापडलेलं माणूस जे करतं तेच पिंतोसबाईंनी केलं. त्यांनी काही तरी काम शोधलं. यादी चाळली, कपाटावर नजर टाकली आणि घसा खाकरून म्हणाल्या, "माफ करा, पण ती पेटी यादीत नाहीये."

कपाटाच्या माथ्यावर चादर टाकलेली एक पेटी होती.

"ती राहू द्या," तिघं एकदम म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत एवढं एकमत या घराने पाहिलं नव्हतं.

"काय आहे तिच्यात?"

"पिवळा झगा," एबेर म्हणाला. "एक राजा तो घालून स्टेजवर आला आणि चोरदरवाज्यातून खाली पडला, पाय मोडला. पप्पांनी बांधून ठेवलाय. हात लावायचा नाही."

"तुम्ही कुणी पाहिलाय तो झगा?"

कुणीच पाहिला नव्हता. पाहणार कोण?

"पेटी वर ठेवली कुणी?"

"पप्पांनीच," रोसेंदो म्हणाला. "मी शिडी धरली होती, एका हाताने. दुसरा तेव्हा..." तो थांबला आणि त्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "दुसरा मोडलेला होता."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी नाटकातली नाही, त्यामुळे मला एक समजत नाही. तुमचे वडील पिवळं एवढं अशुभ मानायचे, तर त्यांनी ते घरात ठेवलंच कशाला? दिलं असतं फेकून."

चार पिढ्यांच्या या नाटकवाल्या घरात हा प्रश्न एकोणचाळीस वर्षांत कुणाला सुचला नव्हता, आणि खाटकाच्या मुलीला तासाभरात सुचला. एबेर खुर्चीतून उठला, दोन पावलं कपाटाकडे गेला आणि तिथेच थबकला. पाय पुढे जाईनात. साठी आली होती त्याची, पण लहानपणी खाल्लेल्या चापट्या पायांच्या लक्षात असतात.

शेवटी शिडीवर बाईच चढल्या. हिमेनाने शिडी धरली. नेलिदा "मी चालले" म्हणाली आणि दारातच उभी राहिली. चादर निघाली, पेटी खाली आली, कडी उघडली. आत पिवळं मेणकापड होतं, घट्ट बांधलेलं, अजून चकाकणारं. रोसेंदो दोन पावलं मागे सरला. बाईंनी गाठ सोडवली.

आत झगा नव्हता. काळ्या पुठ्ठ्याची जाड वही होती, बाकीच्या दोनशे अकरांसारखीच, आणि पहिल्या पानावर पप्पांचं तिरकं अक्षर होतं. धक्क्यावरच्या बायका. अंक पहिला.

"मग मी काय जाळलं?" एबेर म्हणाला.

त्याच्या या प्रश्नाला उत्तर त्याच्याकडेच होतं. भट्टीतून एक करपलेला कपटा उडून त्याच्या बाहीवर बसला होता, आणि त्यावर छापलेलं होतं, साल्तो, सहा चाळीस. पायसांदू, नऊ दहा. विसाव्या वर्षी त्याला वाटलं होतं, वरचं वेष्टण असेल.

"रेल्वेचं वेळापत्रक," तो म्हणाला. "नेलिदा, त्यांनी मला रेल्वेचं वेळापत्रक जाळायला दिलं गं!" आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मला खोटं बोलता येत नाही ना. म्हणून माझ्यासाठी ते खरं करून ठेवलं. मी त्या विचारणाऱ्यांना डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, जाळली. म्हणून सुटलो."

नेलिदा दारातून हलली नव्हती. तिचा हात तोंडावर गेला होता.

"लिंबं," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटच्या आजारपणात. वाचा गेली होती, पण एक हात चालत होता. सरबताच्या घाईत उशाशी लिंबांची वाटी उघडीच राहिली होती आणि पप्पा एकसारखं तिकडे बोट दाखवायचे. मला वाटलं, पिवळ्याला भितायत. मी उचलली. मग घोंगडीच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवायला लागले. घोंगडी बदलली. मग आईच्या हट्टापायी घरात राहिलेल्या कॅनरीकडे. कॅनरी शेजाऱ्यांना देऊन टाकली मी, एबेर!" ती मटकन खाली बसली. "ते सांगत होते. तीन आठवडे तेच सांगत होते, आणि जे जे दाखवलं ते ते मी खोलीबाहेर काढलं. रडत होते तर म्हटलं, घाबरलेत."

एबेर तिच्याजवळ जमिनीवर बसला. गुडघे कटकन वाजले. त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

"तुला मी काय काय बोलले," ती म्हणाली.

"बरंच बोललीस."

"आईच्या मयतीत तुझा हार काढून टाकला होता मी."

"माहीत आहे. मी परत लावला होता."

ती रडता रडता फिसकन हसली. मग नाक पुसून उठली आणि टेबलाकडे गेली. पिंतोसबाईंनी पेन पुढे केलं आणि चाचरत विचारलं, "ती शेवटची ओळ खोडू ना?"

"खोडू नका. दुरुस्त करा. लिहा, रेल्वेचं वेळापत्रक, एक. एबेर लार्राउरी याने जाळलं." आणि तिने खाली झोकदार सही ठोकली, नाटकवाल्या बाया प्रेक्षकांच्या वहीत करतात तशी.

"मी फोन करून सोमवारचा माणूस नको म्हणून सांगतो," रोसेंदो म्हणाला.

"कर. आणि बाईंचा कोट आत आणा कुणी तरी, भिजून चिंब झाला असेल बिचारा."

कुणीच जागचं हललं नाही. नेलिदाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, "शाबास," म्हणाली आणि स्वतः बाहेर गेली. कोट तिने अंगापासून हातभर लांब धरून आणला, पण आणला, आणि बापाच्या खुर्चीच्या पाठीवर पसरला.

"आता वाच," ती एबेरला म्हणाली.

"मी?"

"मग काय पिंतोसबाई वाचतील? प्रॉम्प्टरचा मुलगा ना तू? प्रश्न वाच. उत्तरं माझ्याकडे आहेत."

तिने पर्समधली नक्कल काढली आणि न उघडता मांडीवर ठेवली. हिमेनाने पाणी गरम केलं आणि दिवा लावला. एबेरने वाचायला सुरुवात केली, आधी अडखळत, मग बापाच्या त्या सपाट, घाई नसलेल्या सुरात. धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्या बायका एकमेकींना टोमणे मारत होत्या, आणि मधूनमधून हासिंता उत्तर देत होती. एखाद्या प्रश्नाला नेलिदा चमकायची, "असं होय!" म्हणायची, आणि मग उत्तर द्यायची, काही उत्तरांचा अर्थ तिला आजच कळत होता. पहिला अंक संपला. दुसरा संपला. एकही शब्द तिला द्यावा लागला नाही.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी म्हातारी बाई हासिंताला विचारते. एबेरने वाचलं, "‘बोट येणार नाही, हे तुला कधी कळलं?’"

नेलिदा गप्प झाली.

रोसेंदो पुढे वाकला. हिमेनाने बापाकडे पाहिलं, सांग ना, अशा नजरेने. एबेरच्या ओठांवर पुढचा शब्द आलाही होता. तेवढ्यात त्याला समासात पेन्सिलीचा गोल दिसला, आणि गोलाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं. नेलिदा इथे थांबते. विसरलेली नसते. वाट पाहावी.

त्याने पंजा वर करून सगळ्यांना थांबवलं आणि वाट पाहिली. वर काचेवर पाऊस पडत होता. मातेचं पाणी निवत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एबेरला घाई नव्हती.

"मला कुठे कळलंय?" नेलिदा म्हणाली. "मी अजून उभीच आहे."

एबेरने पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचलं.